कूलरमधला पळस

मंडळी, आज दुपारी मला बघायला पाहुणे आले होते. अजून हसू आवरत नाहीये, म्हणून लिहितेय.

काल आईनं खुलताबादच्या डोंगरातून पळसाची फुलं आणली आणि बादलीभर पाण्यात भिजत घातली. पळसाच्या पाण्यानं अंघोळ घातली की लेकरांना ऊन बाधत नाही, म्हणून माझ्या भाच्यासाठी. सकाळी फुलं गाळून बादली बाथरूममध्ये ठेवली.

आता आमच्या शहरात नळ कधी येईल याचा भरवसा नाही. भरलेली बादली दिसली की अप्पांचे हात शिवशिवतात. त्यांनी चष्मा न लावताच ती कूलरमध्ये ओतली.

पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे मामा, दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. अप्पांनी कौतुकानं कूलर थेट त्यांच्याकडं वळवला. आमचा कूलर जुना, हवेपेक्षा पाणीच जास्त फेकतो. मी पोहे घेऊन आले, तर दोघांच्या अंगभर केशरी ठिपके!

"अहो, कूलरमध्ये काय ओतलंत?" आई ओरडली.

"बादलीतलं पाणी. वाया कशाला घालवायचं?"

मामांनी आपल्या सदऱ्याकडं पाहिलं. "पसंतीच्या आधीच हळद लावली व्हय?"

मला कुणीच काही विचारलं नाही. निघताना मुलगा तेवढा हळूच म्हणाला, "हा डाग कशानं निघतो?"

"निघत नाय," मी म्हटलं. तो चक्क लाजला.

तुमच्यापैकी कुणाला पळसाचा डाग काढायचा उपाय माहीत असेल, तर कृपा करून इथं लिहू नका. त्यानं मघाशीच मला फॉलो केलंय.