बंद पडलेल्या गेममधली गाय

बाळांनो, दर रविवारी फोन लागला की तुमचा पहिला प्रश्न असतो, "आज्जी, गेम सुरू झाला का?" आणि मी "बघू या" म्हणून विषय बदलते. त्या वेळी आजोबा माझ्या शेजारी बसलेले असतात. त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकलेलं कळतं. त्यांच्यासमोर सांगता येत नाही ते आज लिहून कळवते, कारण आता तुम्ही गेमचं आणखी एक मशीन पाठवायचं ठरवलं आहे. ते पाठवू नका.

तुम्ही सुट्टी संपवून परत गेलात आणि थोड्याच दिवसांत आजोबांना अर्धांगाचा झटका आला, हे तुम्हाला माहीत आहे. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण वाचा गेली. जन्मभर कोर्टात बोलून घर चालवलेला माणूस! बोलायला शिकवणाऱ्या बाई चमच्याचं, कंगव्याचं चित्र समोर धरून "हे काय?" विचारत, तेव्हा ते भिंतीकडे तोंड फिरवत. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीनं सांगितलं, बोटांना काही तरी चाळा द्या. धाकट्या, तू इथे विसरून गेलेला तो हातात धरायचा गेम मी त्यांच्या मांडीवर ठेवला. तुम्ही दोघांनी त्यात उभं केलेलं शेत होतं. विहीर, भोपळ्यांचे वाफे, कोंबड्यांचं खुराडं आणि सारखी तळ्याकडे पळणारी ती पांढरी गाय.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते. बाहेरून आवाज आला, "अगं, इकडे ये की!"

मी हातातलं तसंच टाकून धावले. ते माझ्याशी बोलत नव्हते. गायीशी बोलत होते.

"गायीला हाका मारता, आणि मला?" मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला काही तरी बोलायचं म्हणून.

त्यांनी वर न बघताच सांगितलं, "तू... थांब."

त्यानंतर पाणी, भोपळा, खुराडं, कोंबडी असे शब्द एकामागून एक येत गेले. गाय तळ्यात उतरली की कोर्टात न वापरलेले काही शब्दही आले, ते इथे लिहीत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रं पिशवीत ठेवली आणि त्या त्यांच्या शेजारी बसून गायीची चौकशी करायला लागल्या. गेम हातात नसला की शब्द येत नसत. हातात असला की येत.

मग एका दुपारी भोपळ्यांना पाणी घालताना चित्र जागच्या जागी थिजलं. गाण्याचा एकच सूर अडकल्यासारखा वाजत राहिला आणि पडदा काळा झाला. आजोबांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग मशीन माझ्यापुढे धरलं.

मी पद्धतशीर बाई आहे. कंपनीच्या इंग्रजी सूचना वाचून एकेक करत गेले. बटण दाबून धरलं, चार्जर बदलला, दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून रात्रभर ठेवलं, कार्ड काढून परत घातलं. मग धाकट्या, तुला फोन केला, आठवतं?

"आज्जी, पॉवर आणि आवाजाचं बटण दोन्ही एकदम दाब."

"दाबलंय."

"सोडू नको हं. लाइट लागला?"

"नाही रे."

"तू लवकर सोडलंस."

"अजून दाबूनच उभी आहे, शहाण्या. बोटं पांढरी पडली माझी."

तू हसलास. मीही हसले. तेव्हा वाटत होतं, आज ना उद्या लागेल.

शेजारच्या कानडी अक्का म्हणाल्या, तांदळात पुरून ठेवा. मी म्हटलं, अहो, ते भिजलेलं नाही. "इरली, असू दे हो, स्वल्प ठेवून तर बघा," म्हणून त्या स्वतःच डबा घेऊन आल्या. दोन दिवस ठेवलं. आजोबा त्या डब्याकडे बघत बसायचे, म्हणून काढून घेतलं.

शेवटी मल्लेश्वरममधल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार बेळगावकडचा निघाला, मराठीतच बोलला. मशीन उघडून भिंगातून पाहिलं. "आज्जी, बोर्ड गेलाय बघा. नवा टाकतो की, मशीन सुरू हुईल. पण आतलं काय राहायचं न्हाई."

"शेत?"

"शेत, गुरं, सगळंच. ते कार्डात नसतंय, बोर्डातच असतंय. ह्याची नक्कल कुठं ठेवल्या का?"

नक्कल नव्हती. त्याच्या सांगण्यावरून मी मशीन शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला एका जाणकाराकडेही पाठवलं. त्यानंही तेच सांगून परत केलं.

मग तुमच्या बाबांनी नवं मशीन पाठवलं. तोच गेम घातला. सुरू झाला, गाणंही तेच. पण नव्या खेळात नुसतं माळरान असतं. दगड आणि तण. आजोबांचा अंगठा सवयीनं विहिरीकडे गेला. तिथे गवत होतं. तळ्याकडे गेला, तळं होतं, गाय नव्हती. त्यांनी मशीन उलटं करून मागची बाजू पाहिली आणि मला परत दिलं.

मी दुपारी बसून ते शेत पुन्हा उभं करायला घेतलं. दगड फोडले, विहीर तुम्ही खणली होती तिथेच खणली, भोपळे लावले. गाय मिळायला बराच खेळ पुढे जावा लागतो. मिळाली तेव्हा रंगही पांढराच घेतला. घेऊन त्यांच्याकडे गेले. "बघा, परत पळाली तळ्याकडे!" त्यांनी पाहिलं, नीट पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. मी आणखी काही दिवस दाखवत राहिले. आता दाखवत नाही.

त्या काळात शब्द एकेक करून गेले. डॉक्टर म्हणतात, गेम चालू राहिला असता तरी कदाचित हेच झालं असतं. मला ठाऊक नाही, आणि त्यांनाही नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई आता आठवड्यातून एकदाच येतात आणि चित्रं परत काढतात.

म्हणून रविवारी गेमचं विचारू नका. तुम्ही विचारलं की ते जुनं मशीन ठेवलंय त्या कपाटाकडे बघतात, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ बघत राहतात. शाळेचं सांगा, बर्फाचं सांगा, ते ऐकतात.

सध्या त्यांच्याकडे तीन शब्द आहेत, नको, चहा आणि बस. घरात कोणी आलं की खुर्चीकडे हात करून ते अजून "बस" म्हणतात.