पाठ बघणारं कोणी

उन्हाळ्यात तुंगारेश्वरच्या जंगलात ट्रेकला माणसं न्यायची म्हणजे गोचिडींपासून जपावं लागतं. म्हणून बसमध्येच मी सगळ्यांना पँटचे पाय मोज्यांत खोचायला लावले.

"ताई, शाळेची सहल आहे का?" कोणीतरी टोमणा मारला.

मनवेलपाड्याहून आयत्या वेळी एकटीच आलेली साठीची बाई हसली आणि मोजे वर ओढू लागली. वाटेत ती गवतात कुठेच टेकली नाही. दगड झटकून बसायची आणि शेजारचाही एक झटकून ठेवायची.

डोंगर उतरून खाली आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, "घरी जाऊन आधी आंघोळ करा. काखेत, कानामागे, गुडघ्यामागे बघा. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, ती घरच्यांकडून बघून घ्या."

सगळे चहाला गेल्यावर ती जवळ आली.

"ताई, माझी पाठ तुम्हीच बघता का? हे होते तेव्हा बघायचे. आता घरी कोणी नाही."

हॉटेलच्या मागच्या खोलीत मी टॉर्च लावून तिची पाठ नीट तपासली.

"काही नाही हो," मी म्हटलं.

तिने कुडता खाली ओढला नाही. भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली.

"अजून एकदा बघा."

मी टॉर्च बाजूला ठेवला आणि तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला.