डांबरावर सडा

कापसानं आमच्या यवतमाळ जिल्ह्याला रडवलं, त्या वर्षांत पाहुण्यांना मात्र तोटा नव्हता. एखाद्या घरात शेतकरी गेला की सांत्वनाला मोठी माणसं यायची, आणि त्यातली फार मोठी विमानानं. विमान म्हणजे काय, जीपला पंख लावल्यासारखं खेळणं! पण स्वागताचा थाट असा की आत्महत्येच्या घरी चाललेत की लग्नाला, कळू नये. बँडसुद्धा असायचा.

धावपट्टीची देखरेख माझ्या काकांकडे होती. पट्टीवरची गुरं हाकलायची, गवत काढायचं, हे त्यांचं राज्य. त्या दिवशी पाहुण्यांना न्यायला मी भाड्याची जीप घेऊन पोचलो, तर काका कडक इस्त्रीत उभे आणि एक टँकर पट्टीभर पाणी शिंपडत चाललेला.

"काका, डांबरावर सडा कायले?"

"पाहुना येऊन राह्यला ना बे! अंगनात सडा नाई टाकत का आपन? धूळ खाऊ घालू का त्याले?"

"मंग रांगोळी राह्यली."

"थांब, तुह्या काकूले बोलावतो," काका खुशीत म्हणाले.

विमान आलं ते फार वेगात. वारा पाठीमागून होता. वेगातलं विमान लवकर टेकत नाही. जमिनीलगत तरंगत राहतं आणि खालची पट्टी संपत जाते. निम्मी संपल्यावर चाकं टेकली, विमान उसळलं, पुन्हा आदळलं. बँड सुरू झाला, टाळ्या पडल्या. मग ब्रेक लागले आणि ओल्या डांबरावर चाकं नुसती घसरत गेली. पट्टीच्या टोकाला नाला होता. नाक नाल्यात, शेपूट वर.

पाहुणे खरचटून बाहेर आले. हारवाले तिकडे धावले. पायलट कोवळा पोरगा होता. समोरच्या दांड्यानं त्याची छाती चेपली होती. काकांनी आणि मी त्याला ओढून जीपमध्ये घातलं. दवाखाना वेळेत गाठला तरच तो जगणार होता.

मागच्या सीटवर त्याचं डोकं काकांच्या मांडीवर होतं.

"स्पीड ज्यादा थी," तो पुटपुटला. "मेरी गलती."

मी आरशात पाहिलं. काका गप्प बसले असते, तर विषय तिथंच संपला असता.

"नाई साहेब," ते म्हणाले. "पानी मैंने डलवाया."

पोराचे डोळे उघडे होते, पण हलत नव्हते.

"सुना क्या, साहेब? पानी मैंने डलवाया."

दवाखान्याच्या फाटकातून जीप आत शिरली तरी ते तेच सांगत होते. शेवटी वॉर्डबॉयनं पोराभोवतीचे त्यांचे हात सोडवले.