रुमालाखालचा अंगठा

नव्व्याण्णव साली मला एकच दुःख होतं. मी लिहिलेल्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

नगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो. दुपारी मालक जेवायला गेले की तासभर क्लास रिकामा असे. तेवढ्यात फोनची वायर कॉम्प्युटरला जोडून मी इंटरनेट लावायचो. दोनदा तुटायचं, तिसऱ्यांदा लागलं तर नशीब. तिथं मराठी माणसांचा एक गट होता, ईमेलवर चालणारा. कुणी अमेरिकेत, कुणी मुंबईत, कुणी पुण्यात. विज्ञानावर, तंत्रज्ञानावर, समाजावर काही चांगलं वाचायला मिळालं की ते गटात टाकायचं आणि बाकीच्यांनी त्यावर मत द्यायचं. भाषा मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी बनवली, त्यावर तर महिनाभर जुंपली होती. मीही दोन परिच्छेद लिहिले. कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्या आधीच्या माणसाला माझ्या नंतरच्या माणसानं उत्तर दिलं. ही सगळी शिकलेली, जग बघितलेली मंडळी. त्यांच्यात आपण कुठल्या झाडाचा पाला, असं मनाशी म्हणत मी पुन्हा दुसऱ्या दिवशी वायर जोडायचो. लाज नावाचा प्रकार त्या वयात कमीच असतो.

मग एकदा कुणीतरी एक लेख टाकला. माणूस बोटांवर मोजायला कसा शिकला, कुठल्या मुलखात कोणती बोटं कशी धरतात, असा. तो वाचून मी खुर्चीतच सरळ झालो. म्हटलं, थांबा, आता तुम्हाला दाखवतो.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, घोडेगावच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथं म्हशीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल घेणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकतो, रुमालाखाली हात धरतो, आणि घेणारा त्याची बोटं दाबून आकडा सांगतो. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. मग दलाल विकणाऱ्याकडे जातो आणि पुन्हा रुमालाखालीच तो आकडा त्याच्या हातात देतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

मी नगरला कॉम्प्युटर शिकवतो इथपासून हे सगळं मी लिहिलं. इथंच थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं, कारण बोटांचा हिशेब बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. पण मला नवं काहीतरी द्यायचं होतं. म्हणून मी तात्यांचा अंगठा लिहिला.

विकायला आलेलं माणूस अगदीच अडलेलं असलं, नवरा गेलेली बाई असली, कुणाच्या घरात आजारपण असलं, तर तात्या आकडा देता देता त्याच्या तळहातात अंगठा रोवायचे. म्हणजे, थांब, घाई करू नको, हा वर चढेल. दलालानं दोघांच्या मध्ये असायचं असतं. तात्या अशा वेळी अंगठ्याएवढे एका बाजूला सरकायचे. हे त्यांनी एकट्या मला सांगितलं होतं, बाजारातून घरी येताना, टेम्पोत मागं बसल्यावर.

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. तात्या बोलताना अडखळायचे. पहिलं अक्षर त्यांच्या ओठांवर यायचं आणि तिथंच अडून बसायचं, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. लग्नकार्यात ते मांडवाच्या कडेला उभे राहायचे. पण रुमालाखाली तात्यांइतका झरझर बोलणारा माणूस अख्ख्या बाजारात नव्हता. त्यांनी हा धंदा का धरला, ते खरं तर एवढ्यातच होतं. पण बाप अडखळतो हे परक्यांना सांगायची मला लाज वाटली. त्यांच्या अंगठ्याची वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मला अकरा उत्तरं आली! अमेरिकेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, तुमच्या वडिलांचा अंगठा म्हणजे माणुसकीचं शास्त्र आहे. अंगावर मूठभर मांस चढलं. पुण्यातले एक गृहस्थ पेपरच्या पुरवणीत लिहायचे, त्यांनी विचारलं, हे आमच्या वाचकांसाठी वापरू का? नाव देणार नाही. मी लगेच उत्तर धाडलं, जरूर वापरा. तात्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

नाव त्यांनी खरंच दिलं नाही. मजकूर छापून आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. सकाळी क्लासमध्ये पेपर उघडला आणि पहिल्याच ओळीत वाचलं, 'घोडेगावच्या बाजारात एक दलाल आहेत, त्यांचा मुलगा नगरला कॉम्प्युटर शिकवतो.' असा मुलगा असलेला दलाल त्या बाजारात एकच होता. खाली अंगठ्याची सगळी हकिकत.

मालकांना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि एसटी पकडली. गाडी शिंगणापूरला जाणाऱ्या लोकांनी भरलेली. जेऊर आलं, इमामपूरचा घाट आला, गाडी चढणीला रांगायला लागली. मी दांडीला धरून मनात हिशेब मांडत होतो. पेपर बाजारात किती वाजता जातो? कोण वाचतं? हेडी वाचतात का? हेडी म्हणजे गुरं घेऊन पुढं विकणारे व्यापारी, तात्यांचं निम्मं काम त्यांच्याच जिवावर चालायचं. पांढरी पुलाला एकजण पेपर घेऊन चढला, आणि तो शेवटचं पान वाचतोय हे बघून मला हायसं वाटलं. इतका मी मूर्ख होतो.

बाजारात शिरताना चहाच्या टपरीवर मला ओळखणारे दोघं बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनीही बोलणं थांबवलं. मी पळतच आत गेलो.

एका काळ्याभोर म्हशीभोवती माणसांचं कडं पडलं होतं. दाव्याला धरून एक म्हातारी उभी होती, विकायला आलेली. समोर एक हेडी, आणि मध्ये तात्या. त्यांनी रुमाल पुढं केला होता आणि हेड्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले होते. त्याच्या सदऱ्याच्या खिशात पेपरची घडी होती.

"न्हाई तात्या," हेडी म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "धा वर्सं तुमच्या हातात हात दिला. आता रुमाल ऱ्हाऊ द्या. मी तुमच्या कानात आकडा सांगतो, तुमी तो तोंडानं बोला. आमास्नी बी ऐकू येऊ द्या आन् आजीला बी."

"व्हय, तोंडानंच हुंद्या," मागून कुणी म्हणालं. कुणीतरी फिसकन हसलं. तात्या अडखळतात हे सगळ्यांना माहीत होतं.

हेडी वाकून त्यांच्या कानाशी लागला आणि बाजूला झाला. तात्यांनी रुमालाची घडी घातली, सावकाश, चार पदरी, आणि खांद्यावर टाकली. मग म्हातारीकडे तोंड केलं.

"स..." ते म्हणाले. मान ताठ झाली. "स... स..."

म्हशीनं शेपूट झटकलं तेही ऐकू आलं. म्हातारी त्यांच्या ओठांकडे बघत होती, तिचं सगळं त्या एका शब्दावर होतं. तात्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळे मिटले, कपाळावरून घाम कानापर्यंत आला. आणि मला आकडा कळला होता. लहानपणापासून त्यांचा शब्द कुठं अडतो आणि पुढं काय येणार, ते मला आईइतकंच कळायचं. साडेनऊ हजार, तशा म्हशीचा त्या दिवसांतला भाव. मी कडं फोडून आत घुसलो. निदान एवढं तरी करावं, शब्द त्यांच्या वतीनं आपण बोलावा, म्हणून मी तोंड उघडलं.

मी आल्याचं त्यांना कसं कळलं, देव जाणे. डोळे न उघडता त्यांनी तळहात माझ्यापुढं धरला.

"तू न-नको," ते म्हणाले. "तू ल-लई बोल्लास."

मग ते म्हातारीकडे वळले आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाले.