आधी चमचा, मग जहाज

नेदरलँड्समधल्या एनस्खेडे गावच्या शनिवारच्या बाजारात एक डच आजोबा प्लास्टिकची मॉडेलं आणि इनॅमल रंगांच्या चिमुकल्या डब्या विकायचे. दोन हजार पाचच्या सुमारास मी नवऱ्याच्या नोकरीमागोमाग इथे आले, तेव्हा मला काही उद्योग नव्हता. त्यांच्याकडून एक जहाज घेतलं आणि तीन आठवडे खपून जोडलं. रंग मात्र फार घट्ट निघाला. तो पातळ करायच्या थिनरची त्यांच्याकडची बाटली अत्तराएवढी, किंमतही अत्तराचीच! मी पुण्याची. पर्समधून बाटली काढून विचारलं, "माझं नेलपॉलिश रिमूव्हर चालेल ना?"

आजोबांनी कोटाच्या खिशातून प्लास्टिकचा चमचा काढला. खिशात चमच्यांचा जुडगाच होता! त्यावर रिमूव्हर ओतून ते घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटांत चमचा चिकट झाला, वाकला आणि त्याने मानच टाकली.

"आधी चमच्याला मरू दे," ते इंग्रजीत गंभीरपणे म्हणाले, "जहाज नंतर."

आम्ही इतके हसलो की शेजारचा चीजवाला बघायला आला. मग स्वतःची महाग बाटली मागे सारून त्यांनी मला हार्डवेअरच्या दुकानात लिटरभर स्वस्त टर्पेंटाइन आणायला पिटाळलं.

घरी मला चेवच चढला. घरातली दिसेल ती बाटली मी प्लास्टिकच्या बाराच्या बारा चमच्यांवर ओतून पाहिली. संध्याकाळी पाहुण्यांनी श्रीखंड बोटांनी चाटून खाल्लं.

पुढच्या शनिवारी मी ते बारा चमचे आजोबांच्या टेबलावर ओळीने निजवले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.