चौकशीबाई आणि राहिलेली सही

घर विकणारा बोलत नाही आणि घेणारा विचारायला लाजतो, असं चौकशीबाईंचं पक्कं मत. म्हणून घर दाखवायला नेण्याआधीच त्या गिऱ्हाइकाला पढवून ठेवायच्या. कपाट ओढून मागची भिंत बघा, ओल तिथेच असते. दुपारी नळ सोडून बघा. आणि वकिलाला विचारा, कुणा वारसाची सही राहिली नाही ना? सतरा वर्षं घरं दाखवली, पण फसलो म्हणत कुणी परत आलं नाही.

या धंद्यात त्या हौसेने आल्या नव्हत्या. सासऱ्यांचं घर दोघा भावांचं. बाईंचा नवरा गेला आणि महिन्याभरात धाकट्या दिराने हक्क सोडल्याचा कागद पुढे केला.

"सही करा वहिनी, नुसती रीत आहे."

त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांची ट्रंक जिन्यात होती.

धंदा शिकताना त्यांना कळलं, की असला कागद कचेरीत नोंदवला नाही तर त्याची किंमत रद्दीइतकी. फी वाचवायला दिराने तो नोंदवलाच नव्हता. बाईंनी खात्री करून घेतली आणि मूग गिळून बसल्या. खुनशी म्हणा हवं तर, होत्याच त्या.

परवा दीर आपल्या पायांनी आला. "घर विकायचंय वहिनी. तुम्ही घरच्याच, दलाली काय घेणार!" निर्लज्जपणाला फी लागत नाही.

बाईंनी एक मास्तरीण आणली. तिला घर आवडलं. वकील बघेपर्यंत एक पैसाही देऊ नका, एवढं बाईंनी तिला बजावलं. दिराने मात्र आनंदाच्या भरात सगळं सामान बांधून टाकलं.

वकिलाकडे मास्तरणीने पढवलेला प्रश्न विचारला. वकिलाने कागद पुन्हा चाळले.

"मोठ्या सुनेची सही लागेल. हा जुना कागद नोंदवलेला नाही."

दिराचं तोंड उतरलं. त्याने पेन बाईंपुढे सरकवलं. "करून टाका वहिनी. नुसती रीत आहे."

 बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"बाई, तुमच्यासाठी दुसरं घर बघून ठेवलंय," त्या मास्तरणीला म्हणाल्या. मग दिराकडे वळल्या. "मला विकायचं नाही, भाऊजी. सोमवारी ट्रंक घेऊन राहायला येते. तुमचं सामान बांधलेलंच आहे, माझ्या खोलीतलं तेवढं जिन्यात काढून ठेवा."