मोठ्या भावाचा दगड

सलाम ठोकावा तर त्या माणसानं! लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी पोंभुर्ण्याकडच्या एका शाळेत मास्तर होतो. रानवाटेवर गोंडांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी उभे केलेले दगड होते. विटका फौजी कोट घातलेला एक माणूस त्यांतल्या सर्वांत उंच दगडाला हळद लावत होता. लावून झाल्यावर त्यानं टाच आपटून सलाम केला.

"कोणाचा दगड?" मी विचारलं.

"आमच्या जनरलसाहेबाचा. लढाईत पडले. सरकारनं मागून बहादुरीचं पदक देल्लं."

"पण हे दगड तर तुमच्या कुळातल्यांचेच ना?"

"पंचबी हेच म्हणे, परक्याचा दगड इथी लागत नाई. मंग मी त्याइले इचारलो, वाघाच्या रानात समोर कोण चालते? म्हणाले, मोठा भाऊ. म्हटलं, गोळ्या येऊन राह्यल्या होत्या तवा साहेब आमच्या समोर होते. मंग ते कोण झाले?"

हा दगड ओढायला सारं गाव आलं होतं, हे सांगताना त्याची छाती कोटात मावेना.

माझी वाट पुढं दाट रानातून जात होती. मी त्याचं नाव विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही. दगडाशेजारी ठेवलेली कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो माझ्या पुढं झाला.